मयताची वर्गणी

आमच्या भागात कुणाच्या घरी मोठं दुखणं आलं की लोक आधी देवाचं नाव घेतात आणि मग केफरचं. केफर माझा धाकटा दीर. तो डॉक्टर नाही, कंपाउंडरही नाही; किसुमू शहराच्या बस थांब्यावर तिकिटं फाडण्यात त्याचं आयुष्य गेलं. पण कुठल्या दुखण्याला कुठल्या देशात काय पडतं, हे विचारायला सोंडूच्या बाजारातली माणसं त्याच्याकडेच येतात. रविवारी प्रार्थना सुटली की त्याच्या आंब्याखालची बाकं भरायची. चहा मला करावा लागायचा, कारण आमची घरं एकाच कुंपणात आहेत आणि त्याची बायको नेरिया मासळी घेऊन बाजारात बसते. दुखणं दुसऱ्याचं, साखर माझी.

केफर सगळ्यांना एकाच पद्धतीने सांगायचा. नैरोबीत इतके. कंपालात इतके. हिंदुस्थानात इतके, त्यात विमान आणि सोबतच्या माणसाची खोली धरून. मग जरा थांबायचा आणि विचारायचा, "पेटी धरायची का?" पेटी म्हणजे माणूस तिकडेच गेला तर त्याला परत आणायचा खर्च. आमच्यात माणूस कुठेही मरो, पुरायचा तो आपल्याच अंगणात. परक्या मातीत कुणाला टाकून आलं तर मागे राहिलेल्यांना ती माती झोपू देत नाही. पेटीचा आकडा ऐकला की निम्मी माणसं उठून जायची. हिंदुस्थान स्वस्त खरा, पण जिवंत परत येणाऱ्यालाच.

हे खूळ त्याला लागलं माझ्या नवऱ्यापायी. जोआशची मूत्रपिंडं गेली तेव्हा केफर थांब्यावरच्या फोनवरून गावोगाव भाव विचारत बसायचा. एल्डोरेट काय म्हणतं, नैरोबी काय म्हणतं, कंपालाला मामाचा मुलगा आहे, तो काय म्हणतो. होती ती जमीन विकली. चर्चमध्ये वर्गणी मागितली, तर जमलं ते एका ताटलीत मावलं. भाव विचारून होईपर्यंत जोआश गेला. आणि मग बघा. मंडप पडले, भोंगा आला, चार बैल कापले. उपचाराला पन्नास शिलिंग टाकताना ज्या माणसाने नोट दोनदा उलटून पाहिली, त्यानेच मयताला बैल ओढत आणला, आणि भोंग्यावर त्याचं नाव नीट पुकारलं नाही म्हणून रुसून बसला. मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय. मी त्या दिवशी डोक्यावर फडकं घेऊन बसले होते आणि मनात बैलांचा हिशोब करत होते. दोन बैलांत माझा नवरा कदाचित आणखी वर्षभर जगला असता.

लोक वाईट आहेत असं नाही. आजाऱ्याला दिलेलं कुणी बघत नाही, मयताला दिलेलं सगळं गाव बघतं. शिवाय आजारी माणूस बरा झाला तर पुढच्या वर्षी पुन्हा आजारी पडेल, पुन्हा मागेल. मेलेला माणूस एकदा मेला की मेला, त्याच्याशी व्यवहार संपतो. हे मला समजतं. समजतं म्हणून राग कमी येतो असं मात्र नाही.

त्यानंतर केफर तीन वेळा लोकांच्या आजाऱ्यांबरोबर हैदराबादला जाऊन आला. कुणा दुकानदाराची मुलगी, कुणा मास्तरची बायको. घरच्यांना पासपोर्ट काढता येत नाही, भाषा येत नाही, धीर होत नाही. मग केफर जायचा. बॅगेत मक्याचं पीठ आणि सुकवलेली ओमेना मासळी घेऊन. परत आल्यावर लोक विचारायचे, तिकडे काय बघितलंस? तो म्हणायचा, "रांग." त्यातले दोघे चालत आले, एकजण पेटीतून. पेटीतून आला त्याच्या भावाने बाजारात उठवलं की केफर तिकडच्या दवाखान्याची दलाली खातो. त्या दिवसापासून केफर बोलायचा कमी झाला. भाव सांगायचा, पण बकरीचा सांगावा तसा, समोर न बघता. "वहिनी," तो मला एकदा म्हणाला, "मला आता या आकड्यांचा कंटाळा आलाय. कुठलाही सांगितला तरी समोरच्याचं तोंड तसंच होतं."

आणि मग त्याचाच श्वास चढायला लागला. विहिरीपर्यंत जाऊन यायचं तर दोनदा बसायचा. किसुमूच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची एक झडप लहानपणीच्या तापाने खराब झालीय, बदलावी लागेल, आणि लवकर. सरकारी विम्याचं कार्ड होतं, पण ते अर्ध्या वाटेपर्यंतही पोचत नव्हतं. नेरिया म्हणाली, चर्चमध्ये सांगू या. केफरने तिला साफ मनाई केली. इतक्यांच्या वर्गण्या त्याने स्वतः मोजल्या होत्या. आपल्याला किती जमतील हे त्याला न मोजताच ठाऊक होतं.

नेरिया रडतच माझ्याकडे आली. म्हणाली, "तो म्हणतोय, सगळीकडचा भाव काढला, घरीच सगळ्यात स्वस्त."

मी तशीच उठले आणि सासूच्या घरात गेले. सासू, म्हणजे युनिया, नव्वदीला टेकलेली, पण दात सोडून बाकी सगळं शाबूत. सिगारेट जळती बाजू तोंडात धरून ओढायची आणि ओढता ओढता बोलायची. मी सगळं सांगितलं. तिने केफरला बोलावून घेतलं आणि समोर बसवून एकेक देश विचारला. तो सांगत गेला.

"काळीज तेच, सुरी तीच," ती म्हणाली, "मग नैरोबीत दुप्पट का?"

"आई, ओमेना पण सरोवरावर स्वस्त आणि नैरोबीत महाग असते."

"ओमेना गाडीत बसून नैरोबीला जाते म्हणून महाग. तुझं काळीज तर तूच घेऊन जाणार. ते महाग का?"

केफरला हसू आलं, आणि हसल्याने धाप लागली. म्हातारीने सिगारेट विझवली आणि मला म्हणाली, "भावकीला निरोप धाड. म्हणावं, युनियाच्या मयताचं ठरवायचंय."

निरोप गेल्यावर कोण राहतंय? शनिवारी झाडून सगळे आले. चुलत, आतेभाऊ, दोन्ही जावई. माझा चुलत सासरा जोथम, भावकीत सगळ्यात वडील, तो तर काठी टेकत, लांब चेहरा करून, वाटेत खाकरून घसा साफ करतच आला. आमच्यात मोठं माणूस गेलं की त्याच्या घरी रडत शिरायचं असतं. बघतात तर युनिया दारात खुर्ची टाकून शेंगा सोलतेय.

"या," ती म्हणाली. "माझ्या मयताला आलात, बरं केलंत. बसा."

तिने मोठ्या जावयाला विचारलं, मी मेले की तू काय आणशील? तो बिचारा चाचरत म्हणाला, असं का बोलता, आई. तिने सोडलं नाही. शेवटी त्याने कबूल केलं की बैल आणीन, रीतच आहे. धाकट्यालाही तसंच. मग एकेकाला, सगळ्यांना. कुणी बैल, कुणी तांदूळ, नैरोबीला नोकरी असलेल्या पुतण्याने मंडप आणि भोंगा. माणसं मयताच्या बाबतीत हात आखडता घेत नाहीत, आणि चारचौघांत तर नाहीच नाही.

सगळ्यांचं बोलून झाल्यावर म्हातारीने शेंगांचं सूप खाली ठेवलं.

"हे सगळं मला आज द्या," ती म्हणाली. "मी मेल्यावर तो बैल मी थोडीच खाणार आहे? केफरला हिंदुस्थानात जायचंय. बैल विका आणि पैसे त्याच्या हातात द्या. मला नंतर तसंच पुरा."

केफर उठून घरात निघून गेला. जोथम काठी आपटत म्हणाला, "वहिनी, जित्या माणसाचं मयत काढायचं नसतं. घरावर अरिष्ट येतं."

"एक मुलगा पुरलाय मी या अंगणात," युनिया म्हणाली. "दुसरा पण माझ्या आधी गेला तर ते काय सण आहे का?"

जोथम वाईट माणूस नाही, पण तो हिशोबी. शेवटी तो म्हणाला, देऊ. पण मग तुझ्या मयताला पुन्हा कुणी काही देणार नाही, तुझ्या माघारी नातवंडांनी येऊन हात पसरायचे नाहीत. "माणूस एकदाच मरतो, वहिनी."

"एकदाच. कबूल."

सगळं बघत मी चुलीपाशी उभी होते. आमच्या भागात नातवंडं-पतवंडं बघितलेल्या बाईचं मयत म्हणजे काय असतं, हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही. चार दिवस गाव जेवतं. ती बाई आयुष्यभर दुसऱ्यांच्या मयतांत चुली फुंकते, ते आपल्या त्या चार दिवसांच्या आशेवर. आणि ही बाई ते शेंगा सोलता सोलता देऊन मोकळी झाली.

बैल सोंडूच्या बाजारात विकले, तरी पैसे कमी पडले. मग युनिया गुरुवारी मयतभिशीला गेली. ही बायकांची भिशी. दर गुरुवारी थोडे थोडे टाकायचे, आणि सभासद मेली की भिशीने पेटी आणायची, पीठ-तेल आणायचं, स्वयंपाकाला सगळ्यांनी उभं राहायचं. भिशी चालू करणाऱ्यांपैकी युनियाच तेवढी उरली होती. अध्यक्षीण कन्सोलाटा तिच्या सुनेच्या वयाची. तिने हात जोडून सांगितलं, "काकी, तुम्हीच नियम केलाय. सभासद मेल्याशिवाय पैसे निघत नाहीत."

"मग धरा, मी मेले."

वाद पुढच्या गुरुवारपर्यंत गेला. शेवटी बायकांनी ठरवलं की तिला मेलेली धरायचं आणि नाव कमी करायचं. पण नियम म्हणजे नियम. नाव कमी करताना सगळ्यांनी उभं राहून निरोपाचं गाणं म्हणायचं असतं. त्या उभ्या राहिल्या आणि युनिया त्यांच्यासमोर बाकावर बसली. तिसऱ्या कडव्याला बायका चुकल्या, तेव्हा मयतानेच बरोबर ओळ सांगितली. दोन-तीन बायका हसल्या, कन्सोलाटा रडायला लागली, आणि युनिया पैसे फडक्यात बांधून घरी आली.

सगळं मिळून हिंदुस्थानापुरतं झालं. नैरोबीपुरतं झालं नव्हतं. केफरने तिच्या पायाशी बसून सांगितलं, "आई, पेटीचं मात्र धरलं नाही."

"धरू नकोस," ती म्हणाली. "चालत ये."

केफर आणि नेरिया गेले. मागे आम्ही दोघी. गुरुवारी भिशीच्या बायका कुंपणावरून जायच्या आणि युनिया खुर्ची टाकून त्यांना बघायची. कुणी चेष्टेने हाक मारायची, काय काकी, मयत कसं काय चाललंय? ती म्हणायची, आराम आहे, वर्गणी द्यावी लागत नाही. पण बायका पुढे गेल्या की ती बराच वेळ रस्त्याकडे तोंड करून बसून राहायची. मक्याची उगाली जेवायला पुढे ठेवली तरी तिचं लक्ष नसायचं. वर्षानुवर्षांची बैठक तुटली होती, तिला करमत नव्हतं. एकदा ती मला म्हणाली, "हेरीन, मरणं सोपं आहे गं. मेल्यावर गुरुवार काढणं कठीण."

ऑपरेशन झालं. पण नंतर जखमेत पू धरला आणि त्यांचा मुक्काम लांबला. नेरियाचा फोन यायचा, आज ताप आहे, आज नाही. म्हातारी फोन कानाला लावून नुसतं ऐकायची. आणि एका सकाळी मी पेज घेऊन गेले तर ती खुर्चीतच गेलेली होती. अंगावर ऊन होतं. मी पेजेचं भांडं खाली ठेवलं आणि तिथेच बसले. एकटीने किती रडणार? आमच्याकडे रडायलाही चार बायका लागतात.

ती मला आधीच बजावून गेली होती. शवागारात ठेवू नका, केफरची वाट बघू नका. मी नेरियाला फोन केला. ती म्हणाली, आत्ता त्याला सांगितलं तर टाके तुटतील, सांगणार नाही. मग मी जोथमला बोलावलं. तो आला, बघितलं, आणि म्हणाला, "मुलगा नसताना आईला पुरायचं? हे आपल्यात कधी झालंय का?"

"मग शवागाराचे पैसे द्या, मामंजी," मी म्हटलं. "केफर येईपर्यंत, रोजचे. त्याच्या परतीला किती दिवस लागतील हे देवाला ठाऊक."

एकदाच, हा शब्द त्यानेच घातला होता, आणि तो मागे घ्यायला आता समोर कुणी नव्हतं. त्याच्या खिशात पैसे असते तर त्याने दिले असते असं मला वाटतं. बैल विकून त्याचीही दावण रिकामी झाली होती. तो बाहेर गेला, घराच्या डाव्या अंगाला जागा बघितली आणि एवढा म्हातारा माणूस, स्वतः फावडं मारायला लागला.

दुसऱ्या दिवशी पुरलं. तिच्याच खाटेच्या फळ्यांची पेटी केली. मंडप नाही, भोंगा नाही, बैल नाही. माणसं आली, कारण मयताला न येणं कुणाला जमत नाही. उन्हात उभी राहिली. भिशीच्या बायका आल्या आणि जमिनीवर बसल्या, हात मांडीवर ठेवून. मयतात रिकाम्या हातांनी बसलेल्या बायका मी पहिल्यांदाच बघितल्या. कन्सोलाटाने दोनदा चुलीकडे बघितलं आणि मान खाली घातली. मी काळा चहा केला, तोही सगळ्यांना पुरला नाही. माणसं न जेवता घरी गेली. जाता जाता एक म्हातारी म्हणाली, मांजर पुरतात तसं पुरलं युनियाला. मला लाज वाटली आणि इतका संताप आला, की हातातली किटली मी अंगणात फेकून दिली. कुणावर संतापले होते ते आजही सांगता येणार नाही. सगळ्यांनी दिलेला शब्दच तर पाळला होता.

केफर आला तेव्हा पाऊस संपून मका पिवळा पडला होता. नेरियाने त्याला किसुमूला बसमध्ये बसल्यावर सांगितलं. मोठ्या रस्त्यावर तो उतरला, मोटारसायकलवाल्यांना हाताने नको म्हणाला आणि घरापर्यंत चालत आला. वाटेत कुठेही बसला नाही, हे मी कुंपणापाशी उभी राहून बघितलं. तो थेट घराच्या डाव्या अंगाला गेला. रडला नाही. फक्त म्हणाला, "वहिनी, किती लहान ढीग आहे."

आता तो बरा आहे. औषधं घेतो, विहिरीवरून पाणी आणतो. माणसं पुन्हा यायला लागली आहेत, पूर्वीपेक्षा जास्त, कारण आता तो स्वतःच जाऊन आलेला. पेटीचा प्रश्न मात्र तो आता विचारत नाही.

मागच्या रविवारी कटिटो गावाकडचा एक माणूस आला. तरुणच, बायकोला झडपेचंच दुखणं, घरी तीन लहान मुलं. सोबत त्याची म्हातारी आई, तीही मोटारसायकलवर मागे बसून आलेली. ती माझ्या चुलीपाशी चहा घेत बसली आणि तो आंब्याखाली केफरपाशी. केफरने नैरोबी सांगितली, कंपाला सांगितलं, हिंदुस्थान सांगितला. मग त्या माणसाने विचारलं, "आणि तुम्हाला स्वतःला सगळं मिळून काय पडलं?"

"विमान," केफर म्हणाला. "ऑपरेशन. खोली. औषधं." त्याने प्रत्येकाचे आकडे सांगितले. "आणि आईचं मयत."

त्या माणसाला कळलं नाही. केफरने त्याला थोडक्यात सांगितलं, आवाज न चढवता, समोर न बघता. इकडून त्याच्या आईने हाक मारली, "किती म्हणतोय रे?"

त्याने विमान सांगितलं, ऑपरेशन सांगितलं, खोली सांगितली, औषधं सांगितली. तिथेच थांबला.

म्हातारीने माझ्याकडे बघितलं. मग खुर्ची जरा पुढे ओढून हळूच म्हणाली, "बाई, मला लांबचं ऐकू येतं. आमच्याकडे पण भिशी आहे. तुझ्या सासूने काय सांगून पैसे काढले?"

खोटं सांगावं असं एकदा मनात आलं. अफवा आहे म्हणावं आणि तिला घरी पाठवावं. मी पोरांना घेऊन विधवा झालेली बाई आहे, मला ते जमलं नाही. पण तिच्याकडे बघून बोलणंही जमेना, म्हणून मी चुलीत काटकी सारत सांगितलं.

"भिशीत स्वतः जा," मी म्हटलं. "आणि मुलाला आधी सांगू नका."

तिने मान डोलावली आणि उरलेला चहा पिऊन टाकला.